विश्लेषण : सातबारा लिहिलं की डिसेंबर का उमटतो? एक्सेल-वर्डची आगाऊ मदत बंद कशी करायची?

एक्सेलची कोरी शीट उघडून कुठल्याही चौकटीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. कम्प्युटरवर तारखेची भारतीय पद्धत निवडलेली असेल तर तिथे ‘०७-डिसेंबर’ दिसेल. अमेरिकी पद्धत असेल तर ‘१२-जुलै’. महाराष्ट्रात या दोन आकड्यांना जमिनीचा उतारा म्हणतात, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो बनतो, हे एक्सेलच्या गावीही नसतं. त्याला दोन आकडे आणि मधली तिरकी रेघ दिसली की ती तारीखच वाटते.

सोशल मीडियावर यावर मीम्स खूप आहेत. पण विषय फक्त हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जमिनीचे गट आणि हिस्सा क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक अशा याद्या रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयात एक्सेलमध्ये भरल्या जातात, ईमेलने पुढे जातात आणि त्यावरून निर्णय होतात. यादीतली एखादी नोंद परस्पर बदलली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर चूक सॉफ्टवेअरची होती हे नंतर कोण सिद्ध करणार? बोल लागतो तो टाइप करणाऱ्याला.

हे सगळं बंद करता येतं का? बरंचसं येतं. पण कसं, ते पाहण्याआधी नेमकं काय बिघडतं हे समजून घ्यायला हवं.

चौकटीच्या आत काय होतं?

एक्सेल तारीख ही तारीख म्हणून साठवत नाही, आकडा म्हणून साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, त्यानंतरच्या दिवसाला २, अशी ही मोजणी पुढे चालते. (या मोजणीत १९०० हे लीप वर्ष धरलंय, जे ते नव्हतं. ‘लोटस १-२-३’ या जुन्या प्रोग्रॅममधली ती चूक फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने तशीच घेतली आणि ती आजही आहे.)

म्हणजे २०२५ साली कुणी ७/१२ टाइप केलं असेल, तर एक्सेलने त्याचा अर्थ ७ डिसेंबर २०२५ असा लावला आणि आत ४५९९८ हा आकडा ठेवला. ‘०७-डिसेंबर’ हा त्या आकड्यावर चढवलेला फक्त मुखवटा. खरी अडचण यानंतर सुरू होते. घोळ लक्षात आल्यावर माणूस साहजिकच चौकटीचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ करतो. त्याला वाटतं, आता जुनं ७/१२ परत दिसेल. दिसतं ४५९९८. मूळ टाइप केलेली अक्षरं एक्सेलने कुठेही जपून ठेवलेली नसतात. कंट्रोल-झेड दाबलं तर चौकट रिकामी होते, बस.

त्याहून वाईट म्हणजे हा बदल यादीतल्या सगळ्या नोंदींना सारखा लागू होत नाही. गट नंबर १२५/३ तसाच राहतो, कारण १२५ तारीख असू शकत नाही आणि महिनाही असू शकत नाही. ३/१ मात्र ‘०३-जानेवारी’ होतो. पोटहिस्सा १२/३/१ असेल तर ती थेट १२ मार्च २००१ ही पूर्ण तारीख बनते. पाचशे ओळींच्या यादीत अशा तीस-चाळीस ओळी बिघडल्या आणि बाकीच्या ठीक राहिल्या, तर वरवर नजर टाकणाऱ्याला काहीच खटकत नाही. सगळी यादी बिघडली असती तर निदान लगेच लक्षात तरी आलं असतं.

शास्त्रज्ञांनी जनुकांची नावंच बदलली

हे फक्त आपल्याकडच्या कार्यालयांत होतं असं वाटत असेल तर जीवशास्त्रज्ञांची गोष्ट पाहा. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञांनी छोटी संक्षिप्त नावं दिलेली आहेत. त्यातल्या एका कुटुंबाचं नाव ‘सेप्टिन’, म्हणून जनुकं झाली सेप्ट१, सेप्ट२ वगैरे. दुसऱ्या एका कुटुंबाच्या लांबलचक नावाचं संक्षिप्त रूप झालं मार्च१, मार्च२. डेक१ नावाचंही एक जनुक होतं. इंग्रजीत लिहिलेली ही नावं एक्सेलमध्ये गेली की पुढे काय होणार ते वेगळं सांगायला नको. सेप्ट२ चा झाला २ सप्टेंबर, मार्च१ चा झाला १ मार्च.

२००४ साली ‘बीएमसी बायोइन्फर्मेटिक्स’ या नियतकालिकात झीबर्ग आणि सहकाऱ्यांनी याबद्दल पहिला मोठा इशारा दिला. त्यांनी आणखी एक प्रकार दाखवला. काही नमुन्यांच्या सांकेतिक क्रमांकात मध्येच इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असतं. एक्सेलला तो वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेला प्रचंड आकडा वाटतो, त्यामुळे २३१०००९ई१३ या नमुन्याचा २.३१ई+१९ होतो. नमुना कोणता होता हे त्यावरून परत शोधणं अशक्य.

इशारा देऊन झाला, पण सवय काही बदलली नाही. २०१६ मध्ये मार्क झीमन, योतम एरेन आणि असम एल-ओस्टा या मेलबर्नच्या संशोधकांनी २००५ ते २०१५ या काळातले शोधनिबंध तपासले. जनुकांच्या याद्या एक्सेल फायलीत जोडलेले ३,५९७ निबंध त्यांना मिळाले. त्यातल्या ७०४ निबंधांत नावांचा असा घोळ होता, म्हणजे पाचातल्या एका निबंधात. २०२१ मध्ये झीमन यांच्याच गटाने २०१४ ते २०२० या काळातल्या ११ हजारांहून जास्त निबंधांची तपासणी केली, तेव्हा प्रमाण सुमारे ३१ टक्के निघालं. एवढा बोभाटा होऊनही आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

या दुसऱ्या अभ्यासात एक मजेशीर गोष्टही पुढे आली. एक्सेल कोणत्या भाषेत चालतंय यावर कोणतं नाव तारीख होईल हे ठरतं. ‘आगो२’ हे जनुक इंग्रजी एक्सेलमध्ये सुरक्षित असतं, पण स्पॅनिशमध्ये ऑगस्टला ‘आगोस्तो’ म्हणतात, त्यामुळे तिथे त्याची तारीख होते.

शेवटी हार मानली ती शास्त्रज्ञांनी. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या ‘ह्यूगो जीन नॉमनक्लेचर कमिटी’ने ऑगस्ट २०२० मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये नवे नियम जाहीर केले. सॉफ्टवेअर ज्यांचा चुकीचा अर्थ लावतं अशी नावं बदलायची, असं त्यात ठरलं. मार्च१ चं झालं मार्चएफ१, सेप्ट१ चं झालं सेप्टिन१. त्याआधीच्या वर्षभरात अशी २७ नावं बदलण्यात आली होती. एका कंपनीच्या स्प्रेडशीटमधली सवय बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकांचं बारसं पुन्हा करणं सोपं ठरलं!

मायक्रोसॉफ्टने ही रूपांतरं बंद करण्याची सोय सगळ्यांसाठी आणली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. पहिल्या इशाऱ्यानंतर १९ वर्षांनी.

(व्हॉट्सॲपवर फिरणारा इंग्लंडचा किस्सा मात्र यातला नाही. २०२० मध्ये तिथे कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले होते, ते जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलची ओळींची मर्यादा संपल्यामुळे. दोष एक्सेलच्या वापराचाच होता, पण आपोआप होणाऱ्या बदलाचा नव्हता.)

शून्य गेलं, आधार आकसला

तारखेची चूक निदान डोळ्यांना दिसते. आकड्यांची दिसतही नाही.

पुण्याचा एसटीडी कोड ०२०, कोल्हापूरचा ०२३१, नागपूरचा ०७१२. एक्सेलमध्ये टाइप करा, पुढचं शून्य गायब. गणिताच्या दृष्टीने ०२० आणि २० एकच, पण फोन लावणाऱ्याच्या दृष्टीने नाही. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खात्यांचं आणि कर्मचारी क्रमांकांचं हेच होतं. महाराष्ट्राचा जनगणनेतला राज्य कोड २७ असल्यामुळे त्यावर बेतलेले आपले कोड यातून वाचतात. उत्तर प्रदेशचा ०९, दिल्लीचा ०७. तिथल्या शाळांचे ११ आकडी यू-डायस क्रमांक एक्सेलमध्ये १० आकडी होऊन बसतात.

मग येतो १२ आकडी आधार क्रमांक. नेहमीच्या ‘जनरल’ चौकटीत एक्सेल जास्तीत जास्त ११ आकडे सरळ दाखवतं. बारावा आकडा आला की संख्या १.२३४५७ई+११ अशी आकसून दिसते. इथपर्यंत आत मूळ क्रमांक शाबूत असतो आणि चौकटीचा प्रकार ‘नंबर’ करून दशांश शून्य केले की तो पूर्ण दिसतो. पण हीच शीट कुणी ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केली तर? बऱ्याच पोर्टलवर माहिती चढवायला सीएसव्ही फाइलच लागते. सीएसव्हीमध्ये एक्सेल आतला आकडा लिहीत नाही, पडद्यावर जे दिसतंय ते लिहितं. त्यामुळे फाइलमध्ये खरोखरच १.२३४५७ई+११ जातं आणि मागचे सहा आकडे कायमचे पुसले जातात. शेकडो वेगवेगळ्या माणसांचे आधार क्रमांक असे एकसारखे दिसायला लागू शकतात.

सोळा आकडी क्रमांकाचं तर टाइप करतानाच नुकसान होतं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच लक्षात ठेवतं आणि त्यापुढच्या जागी शून्य घालतं. १२३४५६७८९०१२३४५६ टाइप केलं की आत राहतं १२३४५६७८९०१२३४५०. डेबिट कार्डाचे क्रमांक १६ आकडी असतात, काही बँकांची खातीही. यादीतली सगळी खाती शून्यावर संपताना दिसली, तर तो योगायोग समजू नका.

शाळेतल्या शिक्षकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी. दहावी ई तुकडीतल्या बाराव्या विद्यार्थ्याला कुणी हौसेने १०ई१२ असा क्रमांक दिला, तर एक्सेलमध्ये तो विद्यार्थी १ वर १३ शून्य एवढा मोठा होतो. अ ते ड तुकड्यांना हा त्रास नाही. सगळं ‘ई’च्याच नशिबी.

वर्डचा आगाऊपणा वेगळ्या जातीचा

चुकीचं स्पेलिंग टाइप करताच दुरुस्त करणारं ‘ऑटोकरेक्ट’ वर्डमध्ये १९९३ च्या ‘वर्ड ६’ पासून आहे. घाईत ‘द’ या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटसुलट पडली तर ती सरळ करावीत, एवढ्या साध्या कल्पनेतून ते आलं. पुढे त्याला ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ची जोड मिळाली आणि वर्ड शब्दांबरोबर मांडणीतही हात घालू लागलं. ओळीच्या सुरुवातीला १ आणि टिंब दिलं की यादी सुरू, तीन आडव्या रेघा देऊन एंटर मारला की पानभर रेघ, वेबसाइटचा पत्ता लिहिला की तो निळा आणि अधोरेखित. ती पानभर रेघ निवडून डिलीट करता करता किती जणांनी डोकं धरलं असेल! ती मुळात रेघ नसून परिच्छेदाची ‘बॉर्डर’ असते, त्यामुळे ‘होम’मधल्या बॉर्डरच्या बटणातून ‘नो बॉर्डर’ निवडल्याशिवाय हलत नाही.

यात सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात महाग पडू शकणारं प्रकरण म्हणजे आपोआप येणारे अनुक्रमांक. समजा हाउसिंग सोसायटीच्या करारनाम्यात किंवा भाडेकरारात १५ अटी आहेत. अनुक्रमांक वर्डने दिलेत. पुढे एका अटीत टाइप करणाऱ्याने हाताने लिहिलंय, ‘अट क्रमांक ९ मधील रक्कम न भरल्यास’. आता वाटाघाटीत चौथी अट काढून टाकली. वर्डने पुढचे सगळे अनुक्रमांक गुपचूप एकाने कमी केले. नववी अट आठवी झाली, पण हाताने लिहिलेला ‘९’ तसाच राहिला. तो आता भलत्याच अटीकडे बोट दाखवतोय. कागद छान दिसतो, सगळे सह्या करतात आणि घोळ उघडकीला येतो तो भांडण झाल्यावर. यावर दोनच उपाय आहेत. एकतर अनुक्रमांकही हाताने टाइप करायचे, नाहीतर ‘क्रॉस-रेफरन्स’ वापरून दोन्ही वर्डकडेच सोपवायचं, आणि छापण्याआधी सगळं निवडून एफ९ दाबून ते संदर्भ ताजे करून घ्यायचे. अर्धं आपण, अर्धं वर्ड असं चालत नाही.

अवतरणचिन्हांचंही तसंच. वर्ड सरळ अवतरणचिन्ह आपोआप गोलसर करतं. पुस्तकात ते सुंदर दिसतं. पण प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांनी वर्डमधल्या नोट्समधून कोड कॉपी केला तर तो चालत नाही, कारण कम्प्युटरच्या भाषांना सरळ चिन्हच कळतं. दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते, तीही कमांड मोडून टाकते. मुलं तासभर चूक शोधत बसतात आणि चूक डोळ्यांना दिसतच नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांचा अनुभव आणखी निराळा. युनिकोड रुळण्याआधी, आणि काही छापखान्यांत व कार्यालयांत आजही, कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये काम चालतं. या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरंच असतात, फक्त त्यांवर देवनागरीचे आकार चढवलेले. कृतिदेवमध्ये रोमन ‘डी’च्या लहान अक्षरावर ‘क’ आहे आणि मोठ्या अक्षरावर अर्धा ‘क्’. आता वर्डचा नियम काय? वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. ‘क’ने सुरू होणाऱ्या वाक्याचं पहिलं अक्षर त्यामुळे आपोआप अर्धं होतं. वर्ड आपल्या समजुतीप्रमाणे इंग्रजी सुधारत असतं आणि पलीकडे मराठीचा पाय मोडत असतो. अशा ठिकाणी काम करायचं तर ऑटोकरेक्ट आधी बंदच करावं लागतं.

इंग्रजीलाही याचे चटके बसलेत. स्पेलिंग तपासणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात ‘को-ऑपरेशन’ हा शब्द फक्त मधल्या रेघेसह होता. रेघ न देता लिहिला की सुचवणी यायची ‘क्युपर्टिनो’, म्हणजे ॲपलचं मुख्यालय असलेलं कॅलिफोर्नियातलं गाव. युरोपीय संघ आणि नाटोच्या काही कागदपत्रांत त्यामुळे ‘सहकार्या’च्या जागी हे गाव छापलं गेलं. अशा चुकांना इंग्रजीत आजही ‘क्युपर्टिनो इफेक्ट’ म्हणतात.

मग बंद कसं करायचं?

एक्सेलपासून सुरुवात. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या विंडोजवरच्या नव्या आवृत्तीत ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘डेटा’ इथे जा. तिथे ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ असा भाग आहे. सुरुवातीची शून्यं काढणं, लांब आकड्याचे पहिले १५ आकडेच ठेवणं, ‘ई’च्या दोन्ही बाजूच्या आकड्यांची वैज्ञानिक संख्या करणं, अक्षरं-आकड्यांची तारीख करणं, या प्रत्येकासमोरची खूण वेगवेगळी काढता येते. सीएसव्ही उघडताना असा बदल होणार असेल तर आधी विचारण्याचीही एक खूण तिथेच आहे. ती चालू ठेवा. मॅकवरच्या एक्सेलमध्येही ही सोय आली आहे.

इथे एक मेख आहे, आणि बहुतेक ‘टिप्स अँड ट्रिक्स’ व्हिडिओंमध्ये ती सांगितली जात नाही. ही सेटिंग फाइलची नसून त्या कम्प्युटरवरच्या एक्सेलची असते. तुमच्याकडे बंद केली म्हणून तुमची सीएसव्ही पुढे तालुक्याला किंवा हेड ऑफिसला गेल्यावर सुरक्षित राहील असं नाही. तिथल्या माणसाने डबल-क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली की पुन्हा तेच.

म्हणून जुनाच उपाय जास्त भरवशाचा. टाइप करण्याच्या आधी, नंतर नाही, तो पूर्ण कॉलम निवडा, कंट्रोल आणि १ दाबा आणि ‘टेक्स्ट’ निवडा. हा बदल एक्सेल फाइलबरोबर प्रवास करतो. एखाद-दुसरीच नोंद असेल तर तिच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. ते छापताना दिसत नाही, पण एक्सेलला सांगतं की हे आहे तसंच ठेव. वेबसाइटवरून पेस्ट करताना ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ निवडा, नाहीतर आधी केलेलं ‘टेक्स्ट’ वाया जाऊ शकतं.

आणि सीएसव्ही कधीही डबल-क्लिक करून उघडू नका. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कोणता कॉलम आकडा आणि कोणता मजकूर ही माहिती त्यात नसतेच, त्यामुळे एक्सेल अंदाज बांधतं. त्याऐवजी कोरी शीट उघडून ‘डेटा’ टॅबमधलं ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ वापरा आणि तिथे डेटाचा प्रकार ओळखू नको असा पर्याय निवडा. दोन क्लिक जास्त लागतात, एवढंच.

गूगल शीट्समध्ये ‘फॉरमॅट’, ‘नंबर’, ‘प्लेन टेक्स्ट’ असा रस्ता आहे आणि फाइल इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे-तारखा करण्याच्या पर्यायावरची खूण काढता येते. लिबरऑफिसमध्ये सीएसव्ही उघडतानाच एक खिडकी येते, तिथे प्रत्येक कॉलमचा प्रकार ठरवता येतो. या एका बाबतीत फुकटचं लिबरऑफिस आधीपासूनच जास्त सभ्य आहे, हे मान्य करायला हवं. ते निदान विचारतं.

वर्डसाठी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’. उघडणाऱ्या खिडकीत ‘ऑटोकरेक्ट’ आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ असे वेगवेगळे टॅब आहेत. पहिल्यात कॅपिटल अक्षरांचे नियम, दुसऱ्यात याद्या, रेघा, लिंक आणि अवतरणचिन्हं. सगळं बंद करायची गरज नाही, जे छळतं तेवढंच काढा. त्याच नावासारखा दिसणारा ‘ऑटोफॉरमॅट’ असा आणखी एक टॅब शेजारी असतो. त्यातल्या खुणा काढून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच असतात. आणि सेटिंगमध्ये जायचा कंटाळा असेल तर वर्डने काही बदललं की लगेच कंट्रोल-झेड दाबा. इथे एक्सेलपेक्षा बरी स्थिती आहे. फक्त बदल मागे जातो, टाइप केलेलं राहतं. गूगल डॉक्समध्ये हेच पर्याय ‘टूल्स’मधल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये सापडतात.

फाइल आधीच बिघडलेली असेल तर? तिच्यात दुरुस्ती करत बसू नका, मूळ स्रोत शोधा. ज्या फाइलवरून किंवा कागदावरून माहिती आली तिथूनच पुन्हा घ्या. तारखेवरून गट नंबर ओळखणं जमू शकतं, पण पुसलेले आकडे कुठल्याही सूत्राने परत येत नाहीत.

‘चालू’ कुणी ठरवलं?

कंपन्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. स्प्रेडशीट मुळात हिशेबासाठी जन्माला आलं. दुकानदाराने ७/१२ लिहिलं तर बहुतेक वेळा त्याला तारीखच हवी असते, आणि प्रत्येक वेळी ‘ही तारीख आहे का?’ असं विचारलं तर तो वैतागेल. प्रश्न अंदाज बांधण्याचा नाहीच. अंदाज बांधल्यावर मूळ नोंद फेकून देण्याचा आणि तसं झाल्याचं न सांगण्याचा आहे. टाइप केलेली अक्षरं शेजारी जपून ठेवली असती तर यातले निम्मे घोळ एका क्लिकमध्ये सुटले असते.

बंद करायचं बटण कुठे ठेवलंय, हाही प्रश्न आता मोठा होत चाललाय. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांच्या ३६५ योजनांमध्ये ‘कोपायलट’ हा एआय मदतनीस घातला आणि किंमत वाढवली. कोपायलट नसलेली जुन्या किमतीची ‘क्लासिक’ योजनाही होती. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आणि स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं ते याच मुद्द्यावर. सुमारे २७ लाख ग्राहकांना या स्वस्त पर्यायाची नीट कल्पना दिली गेली नाही, वर्गणी रद्द करायला निघाल्यावरच तो दिसायचा, असा आयोगाचा आरोप आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने आणखी एक बदल जाहीर केला. विंडोजवरच्या वर्डमध्ये नवी फाइल आपोआप क्लाउडवर सेव्ह व्हायला लागेल, नको असेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन खूण काढायची. अवतरणचिन्ह गोल करण्यापासून सुरू झालेली मदत आता कागद कुठे ठेवायचा हे ठरवण्यापर्यंत आली आहे.

ऑफिसात सामायिक कम्प्युटरवर बसणारा डेटा एंट्री ऑपरेटर यातली किती बटणं शोधणार? त्याच्या हातात नोंदींचा गठ्ठा असतो आणि संध्याकाळपर्यंतची मुदत. बऱ्याच ठिकाणी सेटिंग बदलायची परवानगीही त्याला नसते. म्हणून हे काम ऑफिसने करायला हवं. याद्यांचे तयार नमुने देताना क्रमांकाचे कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून दिले तर अर्ध्या तासाच्या कामात वर्षभराचा त्रास वाचतो.

एक्सेलमधली ती चार रूपांतरं मात्र २०२३ च्या सुधारणेनंतरही सुरुवातीला चालूच असतात. नवा कम्प्युटर घेतला, नवं एक्सेल टाकलं आणि कुणी काही बदललं नाही, तर ७/१२ ची तारीख आजही होतेच.